हिरडीतला दोरा

त्या पोरीनं खुर्ची मागं पाडली, दिवा माझ्या तोंडावर ओढला आणि स्वतःचं तोंड इतकं जवळ आणलं, की मी दचकून मान वळवली.

"हलू नका आजी. नुसतं बघतेय."

"बघ की. पण इतकं अंगावर येऊन?"

"लांबनं हिरड्या दिसत नाहीत."

तिच्या तोंडाला हिरवा मास्क बांधलेला होता. वर दोन काजळ घातलेले डोळे. डाव्या भुवईत एक बारीक पांढरा व्रण होता, तोसुद्धा मला दिसत होता. माणसाचा चेहरा एवढ्या जवळून बघून मला किती वर्षं झाली, याचा मी हिशोब लावायला लागले. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती. त्यानंतर कोण आलं होतं एवढं जवळ? आठवेना.

याला आता अठरा वर्षं झाली. मी तेव्हा छप्पन्नची होते आणि पुढचा खालचा दात हलत होता म्हणून सांगलीला दातांच्या कॉलेजात गेले होते. दात काढायचा, दुपारच्या गाडीनं परत यायचं, एवढाच बेत. चटणीचा हंगाम चालू होता. गिरणी मालनवर टाकून आले होते आणि मालनवर गिरणी टाकली की ती धण्यात निम्मा वेळ गप्पा कुटते.

माझी चटणी कुटायची गिरणी. लोखंडी मुसळं वरखाली होतात, खाली मिरची, धणे, सुकं खोबरं. मार्च लागला की दारात बायकांची रांग असते. जी येते ती नाकाला पदर लावूनच उंबऱ्यात पाय टाकते, तोंड वळवून बोलते, खोकते, शिंकते आणि काम झालं की पळते. तीस वर्षं मी माणसं अशीच बघितली. पदराआडची, पाठमोरी. माझं स्वतःचं नाक तर कधीच मेलं होतं. दूध नासलं तरी मला चाखल्याशिवाय कळायचं नाही.

गावात मला पारू म्हणणारी माणसं मरून गेली. उरलेली सगळी आक्का म्हणतात. वयानं मोठी असलेलीसुद्धा.

"आजी, मिश्री लावता?" पोरीनं विचारलं.

"लावते. सकाळी, दुपारी, रात्री. लपवायचं काय त्यात? माझी आई लावायची, सासू लावायची. दोघी दात घेऊन मेल्या."

"माझी आजीपण लावायची," ती म्हणाली. "कागवाडला. तंबाखू तव्यावर भाजली की आम्ही सगळी पोरं घराबाहेर."

मग तिनं एक बारीक सळी घेतली आणि एकेका दाताच्या कडेनं हिरडीत खुपसायला लागली. शेजारी दुसरी एक पोरगी वही घेऊन उभी होती. ही बोलायची, ती लिहायची. "सहा. पाच. सात. सहा. आठ."

मी तिचा हात धरला. "कसला पाढा म्हणतेस गं? मधले आकडे चुकलेत."

वहीवाली हसली. ही नाही हसली. तिनं खुर्ची उभी केली, मला चूळ भरायला लावली. भांड्यात लाल पाणी पडलं.

"तुमची हिरडी दाताला सोडून खाली गेलीय आजी. दात आणि हिरडीच्या मधी खिसा पडलाय. चांगल्या माणसाचा दोन-तीन मिलिमीटर असतो, तुमचा आठपर्यंत गेलाय. त्यात घाण साठते, जंतू होतात, खालचं हाड झिजतं. म्हणून दात हलतोय. रक्त त्यातनंच येतं. वासपण त्यातनंच येतो."

"कसला वास?"

तिचा हात सळी पुसता पुसता थांबला. वहीवालीनं वहीत बघितलं.

"तोंडाचा," ती म्हणाली. "तुम्हाला घरी कुणी सांगितलं नाही?"

मी गळ्यात बांधलेलं फडकं सोडलं, खुर्चीतनं उतरले आणि चपला घातल्या. ती मागनं हाका मारत होती. दात तसाच हलत ठेवून मी बाहेर पडले.

गाडीत माझ्याशेजारी एक बाई बसली होती. मी खिडकीकडं तोंड केलं आणि पदर नाकापर्यंत ओढला. तास-सव्वा तासाच्या रस्त्यात मी तोंड उघडलं नाही. कंडक्टरनं दोनदा विचारल्यावर तिकीट बोटानं दाखवलं. त्याला मी मुकी वाटले असणार. मला मुकी समजणारा तो पहिलाच माणूस.

घरी आल्यावर मनगट चाटलं, वास घेतला. काही नाही. हाताच्या ओंजळीत श्वास सोडला. काही नाही. लोट्यात फुंकून बघितलं. माझ्या नाकाला चुलीवर करपलेली भाकरी कळत नव्हती, तिथं हे काय कळणार?

मालन मिरच्यांचे देठ खुडत बसली होती. वीस वर्षं माझ्याकडं कामाला. तिच्या दोन पोरींची लग्नं मी उभी राहून लावलेली.

"मालन, इकडं बघ. माझ्या तोंडाला वास येतो का गं?"

तिचे हात थांबले नाहीत, पण देठाबरोबर मिरचीपण मोडली. "कोण म्हणतं असं?"

"मी विचारतेय. येतो का न्हाय?"

"छ्या. काहीतरीच काय आक्का."

"खरं सांग."

"या चटणीत कुणाचा कसला वास कळतोय," ती म्हणाली आणि टोपली घेऊन मागच्या दाराला गेली.

मी तिथंच उभी राहिले. वीस वर्षांत मालन माझ्या डाव्या-उजव्या बाजूला बसली, समोर कधी बसली नव्हती. हे मला तेव्हा दिसलं. आणि त्याच्या मागोमाग दुसरं दिसलं, जे मला बघायचं नव्हतं.

अक्षता. माझी नात. चार वर्षांची होती तेव्हा.

माझा एकुलता एक मुलगा शिवानंद. त्याची बायको शैलजा, सांगलीची, बारावी शिकलेली. लग्न होऊन आली त्या दिवसापासनं ती माझ्यासमोर नाकाला पदर लावून. गिरणीत लावला तर समजू शकते, ही स्वयंपाकघरात लावायची. वाढून झालं की दोन हात मागं सरायची. मी म्हणायचे, "राजाची लेक आणलीय आम्ही, हिला चटणी सोसत न्हाय. चटणीवर बांधलेल्या घरात झोप बरी लागते." ती ऐकून घ्यायची. अक्षता झाली तेव्हा मी पोरीला तोंडाशी घेतलं की हिचा हात मधी यायचा. "चटणीचे हात आहेत ना आई," म्हणायची. पोरगी वर्षाची झाली आणि दोघं सांगलीला निघून गेली. पोरीला मिरचीनं खोकला होतो, हे कारण. मी सगळ्या गावाला सांगितलं, की सुनेनं माझा मुलगा तोडला.

सणाला यायची. पोरगी अंगणात हसायची, खेळायची, मला लांबनं हात हलवून दाखवायची. मी उचलायला गेले की फ्रॉक नाकावर ओढायची आणि पाय झाडायची. "आजी नको." चार वर्षांत ती माझ्या मांडीवर पाच मिनिटं बसली नव्हती. मला दुसरं काही नको होतं. ती मांडीवर बसावी आणि तिच्या कानाशी बोलावं, एवढं. आईनं शिकवलंय तिला, असं मी धरून चालले होते.

त्या संध्याकाळी मुसळं बंद केल्यावर मी चाळणी झाडायला घेतली. जाळीत अडकलेली चटणी काढायला एक ब्रश होता, निळ्या दांड्याचा. पाच वर्षं चालला होता, केस सगळे लाल झालेले. हा ब्रश शैलजानं आणलेला. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला सगळ्यांना कपडे आणले आणि मला लुगड्याबरोबर हा दातांचा ब्रश आणि पेस्ट. मी सगळ्यांसमोर म्हणाले होते, "मला काय मडमीण करतीस का?" पेस्ट मालनला दिली आणि ब्रश चाळणीला लावला. चाळणीला फार छान चालला तो. तेसुद्धा मी तिला सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं मी पुन्हा कॉलेजात गेले.

त्या पोरीचं नाव नाझनीन मुजावर. शिकून झालेली होती आणि पुढचं शिकत होती. मला बघून तिनं काल काही झालंच नव्हतं, असं दाखवलं. ते मला आवडलं.

"दात काढू नको," मी म्हणाले. "वास घालव."

"दोन्ही होईल बघू. सोबत कोण आलंय?"

"कोण कशाला लागतंय? दात माझे हायत."

"तसं नाही. घरचा नंबर लागतो कागदावर."

मी गिरणीचा नंबर दिला. नात्याच्या रकान्यात काय लिहू, म्हणाली. मी म्हटलं, लिही मालन. तिनं लिहिलं.

दोन खेपांत तिनं माझं तोंड तासून काढलं. पाण्याचा फवारा मारणारं यंत्र होतं, त्यानं आधी वरचं, मग खालचं. नंतर हिरडी बधिर करून आतनं, मुळापर्यंत. दगडासारखे काळे तुकडे बाहेर पडले. मला दाखवले. चाळीस वर्षांची मिश्री होती ती. मिश्री बंद करायची, असं तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी हो म्हणाले होते आणि घरी जाऊन लावली होती. दुसऱ्या दिवशी तिनं तोंड उघडायला लावलं, एकदा बघितलं आणि म्हणाली, "आजी, मी झाडत राहणार आणि तुम्ही टाकत राहणार, तर आपण दोघी दमू." त्या दिवसापासनं बंद केली.

दुसऱ्या खेपेनंतर मधी काही दिवस गेले. मग तिनं पुन्हा सळी घातली. आकडे उतरले होते. चार ठिकाणी मात्र सात आणि आठच होते.

"इथं दोरा घालायचा," ती म्हणाली.

"कसला? शिवतेस व्हय?"

"शिवायचं नाही. दोऱ्यात औषध आहे, जंतूंचं. खिशात गुंडाळून भरायचा, वरनं चिकटवायचा. दहा दिवस तो आत थोडं थोडं औषध सोडत राहतो. दहाव्या दिवशी मी काढणार."

"गोळी दे की त्यापेक्षा."

"गोळी सगळ्या अंगात फिरणार, आणि खिशात पोचणार चिमटीभर. हा जिथं दुखणं तिथंच बसतो."

"मग हाच आधी घालायचा होतास. आठ दिवस तासलंस कशाला मला?"

ती हसली. मास्क असला तरी डोळ्यांवरनं कळलं. "आजी, घर न झाडता उदबत्ती लावली तर चालेल? दोरा नुसता जोडीला आहे. झाडणं आधी, आणि पुढंपण झाडणंच. ते तुमच्या हातात."

दोरा पिवळट होता, वातीएवढा जाड. एकेका दाताभोवती तिनं तो आत दाबत दाबत भरला. चार दातांना चार. मग ती बोटांवर मोजून सांगायला लागली. त्या बाजूनं चावायचं नाही. तिथं ब्रश नाही, बोट नाही. कडक काही नाही, भाकरीचा पापुद्रासुद्धा नाही. आणि दोरा मधीच पडला, तर त्याच दिवशी यायचं, दुसरा घालायला लागतो. "त्याच दिवशी हं आजी. आज उद्या करायचं नाही."

"एकदा सांगितलेलं कळतं मला."

ते दहा दिवस फार लांब गेले. सकाळी आमच्या गल्लीतल्या बायका ओट्यावर बसून मिश्री लावतात. तोंडात बोट असतं, बोलणं नाकातनं चालतं, गावातलं सगळं तिथं कळतं. मी चाळीस वर्षं त्या ओट्याच्या मधोमध बसले. आता जाऊन बसले तर डबी पुढं करणार, आणि नको म्हटलं तर का ते विचारणार. मी दाराच्या आत बसायला लागले. मिश्री नाही म्हणून डोकं दुखायचं, हाताला काम सुचायचं नाही. बाहेरनं हसण्याचा आवाज यायचा. कुणीतरी बघायला येईल, आक्का का आली नाही म्हणून, असं पहिल्या दिवशी वाटलं. दुसऱ्याही दिवशी वाटलं. तिसऱ्या दिवशी बाहेर बघितलं, तर मधली माझी जागा भरलेली होती. सगळ्याजणी ऐसपैस बसल्या होत्या.

दूध-भात खात होते. सहाव्या दिवशी जिवाला कंटाळा आला आणि मी शिळी भाकरी घेतली. तिची कड कडक होती. उजवीकडनंच चावत होते, पण सवय कुठं जाते? डावीकडं गेली, आणि जिभेवर काहीतरी आलं. बघितलं तर दोरा. डाव्या मागच्या दाढेचा.

गाडी अकराची होती. मी चपला घातल्यासुद्धा. मग ती पोरगी काय म्हणेल, ते कानात यायला लागलं. भाकरी नको म्हटलं होतं ना आजी? ती वहीवाली वहीत बघून हसणार. छप्पन्न वर्षांत माझी चूक मला कुणी दाखवली नव्हती. मी चपला काढल्या, दोरा चुलीत टाकला.

दहाव्या दिवशी नाझनीननं तीन दोरे काढले. आरसा लावून मला हिरड्या दाखवल्या. जांभळ्या होत्या, त्या गुलाबी दिसत होत्या. दाबलं तरी रक्त आलं नाही. मग ती डावीकडं वळली.

"इथला कुठं आहे?"

"पडला. आज सकाळी, चूळ भरताना."

तिनं सळीनं हिरडी जरा बाजूला केली, आत बघितलं. माझ्याकडं बघितलं. "नक्की आजच?"

"मग मी खोटं बोलते?"

"नाही आजी," ती पटकन म्हणाली. "तसं नाही म्हणाले मी."

हे 'नाही आजी' मालनच्या 'काहीतरीच काय आक्का'सारखंच निघालं. तोच सूर. महिन्याभराच्या ओळखीत तिलाही मी शिकवून ठेवलं होतं.

"वास गेला का?" मी विचारलं.

"पुष्कळ कमी झाला असणार. दीड महिन्यानं पुन्हा मोजू."

"असणार म्हणजे? मास्क काढ आणि सांग."

"त्याचं असं करा," ती म्हणाली, "घरातल्या माणसाला विचारा. जे रोज जवळ असतात ते बरोबर सांगतात."

मी हो म्हणाले. बाहेर येऊन थांब्यावर उभी राहिले. आमच्या गावची गाडी यायला अवकाश होता. शिवानंदचं घर तिथनं दोन थांबे. पुरतं वर्ष झालं होतं मी तिथं पाय ठेवून.

दार शैलजानं उघडलं. मला एकटीला बघून ती घाबरलीच. "आई? कळवलं नाही. हे ऑफिसला गेलेत. काय झालं?"

"कोण मेलं न्हाय. आत घेतेस का?"

तिनं पाणी आणून दिलं, आणि स्वतः दाराजवळच्या खुर्चीत जाऊन बसली. खोलीत जेवढं लांब बसता येईल तेवढं. आतल्या खोलीतनं टीव्हीवरच्या कार्टूनचा आवाज येत होता आणि मधेच अक्षता हसत होती.

"दात बरा आहे का? मालनमावशी फोनवर म्हणाल्या, तुम्ही कॉलेजात जाताय."

"मालनला काम कमी पडतंय. शैला, इकडं ये."

"चहा ठेवते."

"चहा नको. ये, इथं बस."

ती आली. पलंगाच्या टोकाला टेकली.

"इथं म्हटलं. माझ्याजवळ."

ती सरकली. पाच वर्षांत मी तिला इतकं नीट कधी बघितलं नव्हतं. डोळ्यांखाली काळं आलं होतं. तिशीही झाली नव्हती पोरीची.

"माझ्या तोंडाचा वास घे आणि सांग, येतो का."

तिचा चेहरा उतरला. "आई, असं काय बोलता. कोण काय म्हणालं तुम्हाला? मी कुणाला काही…"

"तू म्हणालीस असं म्हणतेय का मी? मला कळत न्हाय. माझं नाक गेलंय. तुला विचारतेय. घे."

मी कॉलेजातल्या खुर्चीत उघडायचे तसं तोंड उघडलं आणि डोळे मिटले. मग वाटलं, डोळे का मिटायचे? उघडले. शैलजा वाकली होती. तिचं तोंड माझ्या तोंडापासनं चार बोटांवर. एक, दोन, तीन. ती मागं झाली.

"नाही येत," ती म्हणाली. "अजिबात नाही येत."

"तू श्वास घेतलाच न्हाईस."

तिनं पदराचं टोक हातात घेतलं.

"मी बघत होते. तुझ्या नाकपुड्या हलल्या न्हाईत. छाती हलली न्हाई."

"सवय झालीय," ती म्हणाली. पदराशी चाळा करत होती, माझ्याकडं बघत नव्हती. "मुद्दाम नाही करत आई. तुमच्याजवळ आलं की श्वास आपोआप थांबतो. माझं मलाही कळत नाही."

"कधीपासनं?"

"हळद लावली तुम्ही मला. तेव्हापासनं."

आत कार्टूनमध्ये काहीतरी धडाधडा पडलं आणि अक्षता खदखदून हसली.

"सांगायचं होतंस."

"कसं सांगणार होते? तुम्हाला कुणी काय सांगतं का?" एवढं बोलून ती थांबली. मी काही म्हणाले नाही, तेव्हा पुढं म्हणाली, "ह्यांना म्हटलं, तुम्ही सांगा, तुमची आई आहे. हे म्हणाले, त्यापेक्षा सांगलीला बदली मागतो. म्हणून मिरचीचं कारण काढलं. अक्षताला कधीच खोकला नव्हता."

मी गावभर काय काय सांगितलं होतं, ते तिला माहीत होतं. मालनकडनं नाही तर आणखी कुणाकडनं. तीन वर्षं ती मुलगा तोडणारी सून म्हणून ऐकून घेत होती, आणि उलट एक शब्द बोलली असती तर माझी मान खाली गेली असती. ती बोलली नव्हती.

"आता घे श्वास," मी म्हणाले. "खरा घे. तुला काही बोलणार न्हाय मी."

तिनं माझ्याकडं बघितलं. तिला ते खरं वाटत नव्हतं, आणि वाटावं असं मी काही केलेलं नव्हतं. तरी ती पुन्हा वाकली. मी तोंड उघडलं. या वेळी तिच्या नाकपुड्या हलल्या. छाती वर आली, खाली गेली. तिनं दोनदा श्वास घेतला.

"येतो," ती म्हणाली. "पहिल्यासारखा नाही. थोडा. पण येतो."

माझ्या जिभेवर उत्तर तयार होतं. तुझं नाक फार उंच आहे, असं काहीतरी. चाळीस वर्षं उत्तर असंच तयार असायचं, मला शोधावं लागायचं नाही. मी ते आत ठेवलं. ठेवताना दातावर दात दाबले गेले, आणि डावीकडची मागची दाढ हलली.

"बरं," मी म्हणाले.

तेवढ्यात अक्षता दारात आली. हातात खडू, फ्रॉकवर रंग. मला बघून हसली, आणि हसता हसताच हात फ्रॉकच्या काठाकडं गेला.

शैलजा उठली. तिला काय वाटलं कोण जाणे. रडवेली झाली होती, आणि मला काहीतरी द्यावं, असं तिला वाटलं असावं. तिनं पोरीचे खांदे धरले आणि पुढं केलं. "जा बाळा. आजीच्या मांडीवर बस. जा, काही नाही होत."

पोरगी दोन पावलं आली. आईनं पाठवलं होतं म्हणून आली. माझी मांडी रिकामी होती. मी नुसता हात पुढं केला असता, तर ती बसली असती. श्वास धरून बसली असती.

"थांब तिथंच," मी म्हणाले. आवाज नेहमीसारखा मोठा निघाला. पोरगी दचकली. मी तो कमी केला. "आज नको गं. आज आजीला घाई आहे."

मी पिशवी घेतली. शैलजा म्हणाली, "आई, मी येते स्टॉपपर्यंत."

"पोरीला एकटी टाकून कुठं येतेस? आणि असं कर, पुढच्या खेपेला मी आले, की असाच वास घ्यायचा. आणि असंच सांगायचं. मालनसारखं न्हाय."

"हो," ती म्हणाली.

"शिवानंदला सांगू नको."

"नाही सांगत."

जिना उतरून रस्त्याच्या पलीकडं गेले. आमच्या गावाकडची गाडी समोरच उभी होती, निम्मी रिकामी. ती मी जाऊ दिली. कॉलेज पाचला बंद व्हायचं, आणि त्या पोरीला भाकरीचं खरं सांगायचं होतं. काय बोलेल ते ऐकून घ्यायचं होतं.

गाडी हलली आणि समोरची गॅलरी दिसायला लागली. शैलजानं अक्षताला कडेवर घेतलं होतं. पोरगी मला बघून हसत होती आणि दोन्ही हात हलवत होती. एवढ्या लांबनं ती नेहमीच हसायची.